बेळगाव सीमाभागातून समुपदेशक व्हायचंय? कोणता कागद कशासाठी लागतो, तो कसा मिळवायचा

भारतात 'समुपदेशक' या नावाचं एकच एक सरकारी लायसन्स नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलचा नंबर लागतो. शाळेत मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशकासाठी असा सरसकट नंबर आज नाही. म्हणून कुणीही उठून पाटी लावावी, असंही चालत नाही. मानसिक आरोग्याच्या काही कामांना कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीशिवाय ती केली तर शिक्षा आहे. बाकीच्या कामांत, नेमणूक करणारी शाळा किंवा खातं जी पात्रता मागतं ती पूर्ण करणं हीच तुमची परवानगी. हा फरक वेळेवर कुणी समजावून सांगत नाही. मग बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची हुशार मुलं-मुली तीन महिन्यांच्या 'सर्टिफाइड कौन्सेलर' कोर्सला पैसे भरतात आणि मुलाखतीत तो कागद कुणी हातातही घेत नाही. हे टाळावं म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिला आहे.

आताच लिहिण्याचं कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी देशभर लागू होणाऱ्या १५ सूचना दिल्या. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, हॉस्टेल सगळे त्यात येतात. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्या व्यक्तीने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं दाखवता आलं पाहिजे. शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवायचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी मराठी शाळा या दुसऱ्या गटात पडतात. तिथे चार-पाच शाळा मिळून एका माणसाला बोलावू शकतात, आणि तो माणूस मराठी बोलणारा असेल तर मुलांचं फार भलं होईल.

आधी काम ठरवा, मग कोर्स

कोर्सची माहितीपत्रकं गोळा करण्याआधी एक ठरवा: तुम्हाला नक्की कुणासमोर बसायचं आहे?

शाळेतल्या मुलांसमोर बसायचं असेल, म्हणजे अभ्यास, परीक्षेची भीती, घरातली भांडणं, मैत्री, पुढे काय शिकायचं, तर तुमचा रस्ता शालेय समुपदेशकाचा. आजाराचं निदान, बुद्ध्यांक चाचणी, मानसोपचार हे करायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हावं लागतं, आणि तिथे कायद्याचं लायसन्स आहे. घरी जाऊन कुटुंबाशी बोलणं, योजना मिळवून देणं, पोलीस-कोर्ट-दवाखाना यांत धावपळ करणं ज्याला आवडतं, त्याने एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून मनोविकार सामाजिक कार्याकडे जावं. चौथा रस्ता सरकारी योजनांमधला: एड्स नियंत्रणाच्या आयसीटीसी केंद्रातला (जिथे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन होतं) समुपदेशक, किशोरवयीनांसाठीच्या 'स्नेहा क्लिनिक'मधला, जिल्हा बाल संरक्षण घटकातला, महिलांच्या सखी वन स्टॉप सेंटरमधला. या जागा बहुतेक कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो, पण पहिल्या दोन वर्षांत माणसं वाचायला शिकवणारी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाता येतं, पण उलटं येताना वर्षं जातात. शालेय समुपदेशक झालेल्याला पुढे क्लिनिकल व्हायचं असेल आणि त्याची एम.ए. दूरशिक्षणातून झालेली असेल, तर तो अडकतो. म्हणून वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी खात्री नसेल तर नियमित वर्गातली मानसशास्त्राची एम.ए. किंवा एम.एस्सी. घ्यावी. तिच्यावरून सगळीकडे जाता येतं.

शाळेचा रस्ता: तुम्ही आज कुठे आहात त्यावर अवलंबून

पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) असाल तर बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय असलेलं कॉलेज शोधा. सगळ्या कॉलेजांत तो नसतो, त्यामुळे प्रवेशाआधी विषयांचे गट कोणते आहेत ते ऑफिसात विचारून घ्या. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, महाराष्ट्रात मात्र चार वर्षांच्या ऑनर्सची रचना चालू आहे. कोल्हापूरला शिकायचं ठरवलं तर हा हिशेब आधी मांडा. पदवीनंतर एम.ए.साठी जवळची ठिकाणं म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीतली कॉलेजं. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं, आपल्या भागातली बहुतेक पदवी कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. कर्नाटकातल्या विद्यापीठांचे प्रवेश यूयूसीएमएस पोर्टलवरून होतात. मार्क्स कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कारण मराठी नावांची कन्नडमधून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदललेली असतात आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर ते आडवं येतं.

आधीच शिक्षक असाल तर तुमच्यासाठी सर्वांत भरवशाचा कोर्स एनसीईआरटीचा आहे: मार्गदर्शन व समुपदेशन पदविका, एक वर्षाची. तिची घडण शिक्षकांचा विचार करून केलेली आहे. पहिले सहा महिने घरी राहून अभ्यास, मग तीन महिने केंद्रावर समोरासमोर वर्ग, मग शेवटचे तीन महिने आपल्याच गावात किंवा आपल्याच शाळेत इंटर्नशिप. कर्नाटकचं केंद्र म्हणजे मैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था. महाराष्ट्र मात्र भोपाळच्या संस्थेकडे येतो. त्यामुळे चंदगड-गडहिंग्लजच्या मैत्रिणीने भोपाळला अर्ज केला म्हणून तुम्हीही तिकडे करायला जाऊ नका; खानापूर किंवा हुक्केरीच्या शाळेत नोकरी करणाऱ्याचं केंद्र मैसूर. अर्ज आदल्या वर्षीच निघतात, वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात.

इथे खरी अडचण मधल्या तीन महिन्यांची असते. त्या काळात शाळा सोडून मैसूरला राहावं लागतं. अनुदानित शाळेत असाल तर संस्थेची परवानगी आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमार्फत खात्याची परवानगी, दोन्ही लागतात, आणि फाईल हलायला वेळ लागतो. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. तुमची शाळा कोणत्या डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) कार्यालयाखाली येते ते पाहूनच अर्ज द्या, नाहीतर कागद एका टेबलावरून दुसऱ्या शहरात फिरत राहतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका. वर्गात दक्षिणेकडच्या निरनिराळ्या राज्यांतले शिक्षक एकत्र असतात. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी इंग्रजी वाचायची, टिपणं काढायची सवय चार-सहा महिने आधी लावून घ्यावी. बोलायला अडखळलात तरी चालेल. मुलाच्या भेटीचा अहवाल लिहिता आला पाहिजे.

एवढा वेळ काढता येत नसेल, तरी सुरुवात करता येते. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देतात, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' हा उपक्रम मुलांच्या संरक्षण आणि मानसिक आरोग्यावर प्रशिक्षण देतो. ही प्रशिक्षणं तुम्हाला समुपदेशक बनवत नाहीत, पण पुढच्या अर्जात आणि वर्गात दोन्हीकडे उपयोगी पडतात.

आता नोकरीबद्दल स्पष्ट बोलतो. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक-वेलनेस शिक्षक ठेवणं सक्तीचं आहे. मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासाची पदव्युत्तर पदवी, किंवा इतर पदवीबरोबर मार्गदर्शन-समुपदेशनाची पदविका असे पात्रतेचे पर्याय तिथे पूर्वीपासून आहेत. हे नियम वेळोवेळी सुधारतात, म्हणून अर्ज करताना बोर्डाच्या संकेतस्थळावरची चालू प्रत वाचा. पूर्णवेळ पगाराची जागा हवी असेल तर ती आज बेळगाव शहराच्या आसपासच्या अशाच इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मिळण्याची शक्यता जास्त. मराठी माध्यमाच्या, राज्य बोर्डाच्या शाळांत काम संस्थाचालकांना भेटून, न्यायालयाच्या सूचना दाखवून, आठवड्यातून एक-दोन दिवसांच्या करारावर उभं करावं लागेल. मी दोन्हींची सांगड घालायला सांगेन: पोटापाण्यासाठी एक शाळा, आणि आपल्या मराठी शाळांसाठी ठरलेले दिवस.

दूरशिक्षणाचा दरवाजा आता बंद आहे

हा भाग कृपया कुणी चाळून पुढे जाऊ नका. आपल्याकडे गृहिणी, नोकरदार, लष्करातल्या जवानांच्या पत्नी अशा कितीतरी जणींनी मानसशास्त्राची एम.ए. दूरशिक्षणातून केली. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. त्यानंतर कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, यूजीसी मान्य' असं सांगून नवीन प्रवेश देत असेल तर फी भरू नका.

जाहिरात तपासायची एक सोपी पद्धत आहे. कागद समोर ठेवा आणि तळाची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'आयएसओ प्रमाणित', 'एमएसएमई नोंदणीकृत', 'नीती आयोग दर्पण' असं लिहिलेलं असेल तर त्यातलं एकही शिक्षणाची मान्यता नाही. आयएसओ हे कार्यपद्धतीचं प्रमाणपत्र, एमएसएमई ही उद्योगाची नोंद, दर्पण ही स्वयंसेवी संस्थांची यादी. पदवी किंवा पदविका देणारं विद्यापीठ कोणतं, ते यूजीसीच्या यादीत आहे का, आणि कोर्स भारतीय पुनर्वसन परिषदेच्या (हिच्याबद्दल पुढच्या भागात) यादीत असल्याचा दावा असेल तर त्या संस्थेचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षासाठी दिसतं का, एवढं पाहायचं. खासगी 'कौन्सिल'चं सोनेरी शिक्क्याचं आजीव सदस्यत्व घेतलं तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही होतात तिथेच असता.

छोटे कोर्स वाईट असतात असं नाही. ऐकण्याचं कौशल्य, खेळातून मुलांशी बोलणं, दुःखातल्या कुटुंबाला धीर देणं हे त्यांतून शिकता येतं. पदवी झाल्यावर करा, पदवीऐवजी करू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: इथे लायसन्स आहे

१९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद आली. तिच्याकडे एक केंद्रीय नोंदवही आहे आणि त्यात नाव असलेल्याला सीआरआर नंबर मिळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट या दोन्ही वर्गांना हा नंबर लागतो. नोंदणी नसताना हे काम केल्यास कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते, कैदेची तरतूद तशी नाही.

आजवरचा रूढ मार्ग असा: मानसशास्त्राची नियमित एम.ए. किंवा एम.एस्सी., किमान ५५ टक्के (राखीव वर्गांना ५०), मग परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. इन क्लिनिकल सायकॉलॉजी. आपल्याला जवळची संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था, बेळगावपासून साधारण ७५ किलोमीटर. निम्हान्स बेंगळुरूला आहेच, पण तिथली स्पर्धा देशभरची. मात्र यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली आहे आणि क्लिनिकल सायकॉलॉजी व मनोविकार सामाजिक कार्य यांच्यासाठी दिलेली मुदतवाढ २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतची होती. त्यामुळे 'आमच्या ताईने एम.फिल. केली, मीही तेच करणार' अशी आखणी आता करू नका. परिषदेने नव्या रचनेत क्लिनिकल सायकॉलॉजीची खास एम.ए., साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम आणले आहेत. साधी एम.ए. सायकॉलॉजी आणि परिषद-मान्य एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी यांची नावं सारखी वाटतात, पण नोंदणी फक्त दुसरीवर मिळते. प्रवेशाच्या आदल्या दिवशी संस्थेला ईमेल करून लेखी विचारा: 'हा अभ्यासक्रम पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेचा आहे का, कोणत्या सत्रापर्यंत?' उत्तर जपून ठेवा.

कोर्स संपल्यावर परिषदेच्या पोर्टलवर अर्ज करायचा असतो. पदवी, सगळी गुणपत्रकं, ओळखपत्र, फोटो, फी. नोंदणी कायमची नसते, पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी त्या काळात परिषद-मान्य कार्यशाळांचे गुण जमवलेले असावे लागतात. बेळगावात, धारवाडला अशा कार्यशाळा होतात तेव्हाच हजेरीची प्रमाणपत्रं फाईलला लावत चला. शेवटच्या वर्षी धावपळ करणाऱ्यांचे हाल होतात.

शालेय समुपदेशकानेही एक मर्यादा ओळखली पाहिजे. मुलगा वाचताना अडखळतो, अक्षरं उलटी लिहितो, तर 'याला डिस्लेक्सिया आहे' असं लिहून देण्याचा अधिकार तुमचा नाही. एसएसएलसीच्या (कर्नाटकची दहावी) सवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड, बुद्ध्यांक अहवाल हे सरकारी दवाखाना आणि नोंदणीकृत तज्ज्ञ यांचं काम. तुम्ही निरीक्षण लिहायचं, वहीच्या पानांच्या प्रती जोडायच्या आणि पालकांना योग्य दारी पाठवायचं. बुद्ध्यांक चाचणीवरून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भारतात आजही वापरात असलेली बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली होती. या दोन भाषांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत तपासलं पाहिजे, हे त्यांना १९३०च्या दशकातच उमगलं होतं. आज खानापूरच्या मराठी मुलीची चाचणी इंग्रजीत होऊन तिला 'मंद' ठरवलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं.

२०२१ चा कायदा आणि पुढची तयारी

राष्ट्रीय संलग्न व आरोग्य व्यावसायिक आयोग कायदा २०२१ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात 'वर्तनविषयक आरोग्य विज्ञान' असा गट आहे. पुनर्वसन परिषदेकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही व कुटुंब नियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नावं तिथे आहेत. प्रत्येक राज्याने परिषद उभारायची आणि नोंदणी राज्य परिषदेकडे करायची अशी रचना आहे. कायद्याच्या व्याख्येत आरोग्य व्यावसायिक म्हणजे तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांचं शिक्षण झालेला माणूस. संलग्न गटासाठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तास. वर्षाच्या पदविकेचे तास यात बसत नाहीत, हे लक्षात घ्या.

म्हणून आजपासून एक सवय लावा. पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विषयवार, तासवार प्रत विद्यापीठाकडून शिक्क्यासह घेऊन ठेवा. इंटर्नशिपचे तास, जागा, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि सही असलेली वही ठेवा. पुढे कुठलीही परिषद तुमच्याकडून हेच मागेल, आणि पाच वर्षांनी जुन्या कॉलेजात जाऊन हे काढणं फार जड जातं.

सीमेवरचे कागद

यूजीसी-मान्य विद्यापीठाची पदवी देशभर चालते, मग ती कोल्हापूरची असो की धारवाडची. तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रतेचा दाखला लागतो. पदवीचा निकाल लागताच मायग्रेशनला अर्ज टाका.

जातीच्या दाखल्यात गफलत होते ती अशी. मराठा समाज कर्नाटकात ३-ब वर्गात आहे, महाराष्ट्रातलं वर्गीकरण वेगळं. कर्नाटकातल्या जागेसाठी कर्नाटकाचा, नाडकचेरीतून (तालुक्यातलं महसूल कार्यालय) मिळालेला दाखलाच चालतो. महाराष्ट्रातल्या संस्थेत तुम्ही कोणत्या गटात मोजले जाता आणि फी कशी लागते, ते प्रवेशाआधी तिथेच विचारून घ्या. बिदर, भालकी, बसवकल्याण, औरादकडच्या वाचकांना मात्र कलम ३७१-जे चा लाभ आहे. कल्याण-कर्नाटकातल्या जिल्ह्यांसाठी शिक्षण आणि नोकरीत राखीव जागा आहेत, त्यासाठीचा दाखला आधीच काढून ठेवा. बेळगाव आणि कारवार त्यात येत नाहीत.

दोन भाषा लागतातच

सरकारी जागेची जाहिरात आली की त्यात कन्नड लिहिता-वाचता येण्याची अट असते. ज्यांनी शाळेत कन्नड फक्त पास होण्यापुरतं केलं त्यांनी ते पुन्हा हातात घ्यावं. जिल्हा बाल संरक्षण घटकाचा अहवाल, पोलीस ठाण्याचं पत्र, बाल कल्याण समितीसमोरची नोंद हे सगळं कन्नडमध्ये चालतं. तुम्हाला ते लिहिता आलं नाही तर मराठी मुलाचं म्हणणं दुसरा कुणीतरी आपल्या शब्दांत लिहितो, आणि त्यात मुलाचा आवाज हरवतो.

समोर बसून बोलण्याची भाषा मात्र मुलाची. हॉस्टेलमधली आठवीची मुलगी कन्नडमध्ये विचारलं की मान हलवते, सगळं ठीक आहे म्हणते. तिला 'जेवलीस काय गं? घरला कधी गेलतीस?' असं विचारून बघा. आधी ती खिडकीबाहेर बघते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, मग हळूच म्हणते, 'बाबा आल्यावर जायचं न्हाई वाटतंय.' त्या एका वाक्यासाठी तुम्ही तिथे बसलेले असता. पालकांचं बोलणंही तसंच. 'ताई, पोरगं बोलंनाच झालंय ओ, अंगारा लावून झाला, देवाला विचारून झालं.' इथे देवरुषावर भाषण देऊ नये. आईने आजवर काय काय केलं ते पूर्ण ऐकावं, झोप, भूक, शाळा, मोबाइल, भीती असं एकेक विचारावं, आणि 'देवाचं चालू द्या, बरोबर डॉक्टरांनाही दाखवू' म्हणून वाट काढावी.

देखरेखीखालचा सराव कुठे करायचा

पुस्तक वाचून हे काम येत नाही. कोर्समधली इंटर्नशिप सहीपुरती उरकू नका. बेळगावातलं बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, केएलईचं रुग्णालय, धारवाडची डिमहान्स इथल्या मनोविकार विभागांत विभागप्रमुखांच्या नावे कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता असतात. राज्याच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका दवाखान्यांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी भरते. पुढे मुलांना पाठवायचं ते बहुतेक इथेच, म्हणून विद्यार्थी असतानाच तिथली माणसं ओळखीची करून घ्या.

देखरेख करणारी व्यक्ती मिळणं सीमाभागात अवघड आहे. धारवाड, कोल्हापूर किंवा पुण्यातल्या अनुभवी समुपदेशकाशी महिन्यातून दोनदा फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायचं ठरवा आणि त्यासाठी फी द्यायची तयारी ठेवा. मुलाचं नाव, गाव, शाळा न सांगता फक्त प्रसंग मांडायचा. ज्या आठवड्यात एखादं प्रकरण रात्री झोपू देत नाही, त्या आठवड्यात हा फोन चुकवायचा नाही.

नेमणूक झाल्यावर पहिल्या महिन्यात

रुजू होण्याआधीच मुख्याध्यापकांशी चार गोष्टी बोलून घ्या आणि जमल्यास नेमणूकपत्रात लिहून घ्या. दार लागणारी पण काच असलेली खोली. आठवड्यात किती तास वर्ग आणि किती तास भेटी. नाहीतर तुम्हाला ऑफ पिरियडची मावशी करून टाकतात. भेटीच्या नोंदींचं कपाट कुणाच्या किल्लीत राहील. आणि मुलाने सांगितलेलं शिक्षकांना कितपत सांगायचं.

गुप्ततेच्या मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगा: 'तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल.' यातला शेवटचा भाग कायद्याचा आहे. पोक्सो कायदा २०१२, कलम १९: लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. 'गावातलं प्रकरण, पोरीचं लग्न व्हायचंय, मिटवून टाकू' असा दबाव येतो. तेव्हा मुख्याध्यापकांना हे कलम दाखवा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. घरचे 'पोलीस केस होईल' म्हणून घाबरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं असतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. हे शांतपणे सांगितलं की पालक गाडीत बसतात. शेतात फवारणीचं औषध, घरात गोळ्या कुठे ठेवतात, तेही विचारा आणि कुलपात ठेवायला सांगा. आपल्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात ही विचारपूस सोडून चालत नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. तो नोटीस बोर्डावर लावा, आणि मुलींच्या-मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा, कारण नोटीस बोर्डासमोर उभं राहून असा नंबर कुणी लिहून घेत नाही. एसएसएलसीच्या आता वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेचा निकाल लागेल त्या दिवशी दुपारपासून शाळेत थांबा, आणि कमी गुण पडलेल्या मुलांच्या घरी संध्याकाळच्या आत फोन गेला पाहिजे अशी यादी आदल्या दिवशीच करून ठेवा: नाव, वडिलांचा नंबर, आईचा नंबर, शेजारच्या एका माणसाचा नंबर.